सिंहिणीचा फोटो आणि आमची चंद्री

आमच्या आदिलाबादच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. करड्या खडकावर बसलेली सिंहीण आणि तिच्या मागे क्षितिजापर्यंत पसरलेलं गवत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हा कॅलेंडरवरचा का हो?" मग मी जरा ऐटीत सांगायची, "नाही, मी स्वतः काढलाय. सेरेंगेटीला." त्यानंतर चहा संपेपर्यंत आफ्रिकेच्या गप्पा. २०२४ च्या डिसेंबरपासून मात्र ही ऐट बरीच उतरली आहे. ती कशी उतरली, ते आज सांगायचं आहे.

माझं माहेर भालकीचं. घरात आईशी कन्नड, वडिलांशी मराठी आणि भांडताना दोन्ही, असं आमचं बालपण गेलं. लग्न होऊन आदिलाबादला आले आणि तिसरी भाषा पदरात पडली. माझ्या आजोबांच्या काळी भालकी आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होतं. १९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेलं, नांदेड मुंबई राज्यात आणि आदिलाबाद आंध्रात. २०१४ पासून आम्ही तेलंगणात आहोत. तेलुगू शिकताना मला कन्नडचा फार उपयोग झाला. तेलुगूतला 'प' बऱ्याच शब्दांत कन्नडमध्ये 'ह' होतो, हे एकदा कळलं की निम्मं काम होतं. पालु म्हणजे हालु, दूध. पुव्वु म्हणजे हूवु, फूल. आणि पुली म्हणजे आपली हुली, वाघ! हा शब्द पुढे इतका कामी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी इथल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. धाकटा भाऊ टांझानियात आरुशा गावी नोकरीला आहे. "अक्का, नकाशावर बोट ठेवून किती वर्षं शिकवणार? एकदा येऊन बघ," असं तो कितीदा म्हणाला. शेवटी २०२३ च्या फेब्रुवारीत रजा काढून, मुलीला घेऊन मी गेले. आमचे हे शेतीमुळे आले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "वाघ-सिंह पाहाले इतके पैसे? आपल्या पैनगंगेवर फुकट दिसते." आम्ही हसलो.

सफारी हा शब्द स्वाहिलीतला. स्वाहिलीत तो अरबीतून आला आणि आपल्याकडची 'सफर'ही त्याच अरबी शब्दाची. म्हणजे शब्द ओळखीचाच होता. बाकी सगळं मात्र डोळे फाडून बघावं असं. आरुशाहून निघालं की वाटेत अचानक जमीन खचल्यासारखी दिसते आणि पलीकडे भिंतीसारखा कडा उभा राहतो. हीच ती पूर्व आफ्रिकेची खचदरी. वीस वर्षं मी ती फळ्यावर दोन समांतर रेघा मारून शिकवत आले होते. कडा चढून गेलं की न्गोरोंगोरो. एका प्रचंड ज्वालामुखीचं पोट आत ढासळून तयार झालेला हा कटोरा सुमारे सहाशे मीटर खोल आहे आणि त्याचा तळ अडीचशे चौरस किलोमीटरहून मोठा. त्यात सिंह, हत्ती, गेंडे, झेब्रे आणि गुलाबी रोहितपक्ष्यांचं तळं. काठावर इतकी थंडी की आदिलाबादचा डिसेंबर आठवावा.

तिथून पुढे सेरेंगेटी. मसाई भाषेतल्या ज्या शब्दावरून हे नाव आलं, त्याचा अर्थ न संपणारं मैदान असा सांगतात. दक्षिणेच्या मैदानात झाडं जवळजवळ नाहीत, आणि त्याचं कारण पुन्हा ज्वालामुखीच. हजारो वर्षं उडालेली राख तिथे साठली. तिच्यामुळे मातीखाली एक कठीण थर तयार झाला आहे. त्यातून झाडाची मुळं उतरत नाहीत, गवताची मात्र वरच्या थरात भागते. राखेतल्या क्षारांमुळे ते गवत दूध देणाऱ्या माद्यांना फार पोषक असतं. म्हणून विल्डबीस्टचे कळप पिल्लं घालायला नेमके इथे येतात. दहा लाखांहून अधिक जनावरं वर्षभर पाऊस आणि गवत यांच्या मागे फिरतात आणि केनियातल्या मसाई माराला जाऊन परत येतात. आम्ही गेलो तेव्हा पिल्लांचा हंगाम होता. आमच्या डोळ्यांसमोर एक वासरू जन्मलं. काही मिनिटांत ते लटपटत उभं राहिलं आणि थोड्याच वेळात आईच्या मागे पळायला लागलं. मुलगी टाळ्या वाजवणार होती, चालकाने खूण करून थांबवलं.

हा चालक मसाई होता. मी सिंहिणीचा तो फोटो काढत असताना तो सहज म्हणाला, "माझ्या आजोबांची गुरं इथेच चरायची." मला वाटलं तो जुन्या काळाची गंमत सांगतोय. मग त्याने सांगितलं. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झालं. १९५९ साली तिथल्या मसाईंना उद्यानातून उठवून न्गोरोंगोरोच्या बाजूला पाठवलं. तिथे गुरं चारता येतील, असं सांगितलं होतं. आता नातवंडांना तिथूनही सहाशे किलोमीटर लांब जायला सांगत होते. मी मान हलवली. भूगोलाची प्राध्यापक म्हणून मला एवढंच आठवलं, की त्याच १९५९ साली जवळच्या ओल्डुवाईच्या घळीत मेरी लीकी यांना आदिमानवाची प्रसिद्ध कवटी सापडली होती. माणूस तिथे लाखो वर्षांपूर्वी राहत होता, हे जगाला कळलं ते वर्ष आणि तिथल्या माणसांना हलवलं ते वर्ष एकच. ही जोडी माझ्या लक्षात आली ती परत आल्यावर. तेव्हा मी पुढच्या फोटोच्या नादात होते.

चालकाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्याच्या गावात एकदा सिंहाने बैल मारला. कुणीतरी रागाने त्या मढ्यात पिकावरचं विष कालवलं. सिंह आलाच नाही. चालकाच्या घरची दोन कुत्री मेली, तरस मेलं आणि झाडाखाली गिधाडांचा खच पडला. "वडिलांनी कुत्री पुरली आणि कुणाशीच बोलले नाहीत," असं तो म्हणाला. माराच्या बाजूला २०१५ च्या डिसेंबरात असंच झालं होतं. बीबीसीच्या मालिकेमुळे जगभर माहीत झालेल्या मार्श कळपातल्या सिंहांवर विषप्रयोग झाला. त्या सिंहांनी गुरं मारली होती.

परत आल्यावर मी वर्गात तास घेतला. पडद्यावर फोटो दाखवले. मग माझा आवडता मुद्दा सांगितला, की खचदरी बघायला आफ्रिकेलाच जायला नको. आपली प्राणहिता-गोदावरीची दरी हीसुद्धा प्राचीन खचदरीच आहे. खचलेल्या त्या पट्ट्यात गाळ साठला, जंगलं गाडली गेली, म्हणून मंचेरियाल-बेल्लमपल्लीकडे कोळसा आहे. त्याच पट्ट्यातल्या यामनपल्लीला डायनासोरची हाडं सापडली. त्याचं नाव कोटासॉरस, आणि त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला सायन्स म्युझियममध्ये उभा आहे. पोरं खूश झाली. शेवटी मी म्हणाले, "किती भाग्यवान लोक! असल्या जनावरांच्या शेजारी राहतात."

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, ते लोक फोटोत का नाहीत?"

ती गोंड मुलगी आसिफाबादकडच्या एका खेड्यातली. तिच्या घरचे कापूस वेचायला जातात. मी काहीतरी उत्तर दिलं. तिने वहीत लिहिलंही. पण ते उत्तर नव्हतं, हे तिला कळलं आणि मलाही.

आमच्या भागाची गोष्ट अशी. मंचेरियाल जिल्ह्यातल्या जन्नारमचं कवाल अभयारण्य २०१२ साली व्याघ्र प्रकल्प झालं. गाभा सुमारे ८९३ चौरस किलोमीटर, भोवतीचं क्षेत्र धरून दोन हजारांवर. जंगल उत्तम, सागाचं आणि बांबूचं, पण तिथे कायम राहणारे वाघ फार थोडे. वाघ येतात ते बाहेरून, ताडोब्याहून आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून. टिपेश्वर जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. वाघाचा बच्चा दोन वर्षांचा झाला की आई त्याला हाकलते आणि त्याला स्वतःची जागा शोधावी लागते. दीडशे किलोमीटरात ती कुठून मिळणार? मग तो पैनगंगा ओलांडतो आणि आमच्या शिवारात येतो. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरहून निघालेला एक नर, ज्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, आदिलाबादच्या बाजूने फिरत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चालून! सिंह कळपाने राहतो आणि उघड्यावर बसतो, म्हणून माझ्यासारखीलाही त्याचा फोटो काढता आला. वाघ एकटा, आणि त्याला आडोसा लागतो. जंगल संपलं की त्याचा आडोसा म्हणजे आमची पऱ्हाटी आणि तुरी.

आमचं शेत भीमपूर मंडळात, पैनगंगेच्या अलीकडे. सासूबाई वर्षातले आठ महिने तिथेच असतात. २०२४ चा हिवाळा वाईट गेला. नोव्हेंबरच्या अखेरीस कागजनगरकडे कापूस वेचणारी एक तरुण बाई वाघाच्या हल्ल्यात गेली. तिकडे माणसं डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटे बांधून शेतात जाऊ लागली, कारण वाघ पाठीमागून येतो. आमच्याकडे वेचणीला बाया मिळेनात. भालकीहून आईचा रोज फोन, "हुली बंता?" वाघ आला का? आणि पाठोपाठ हुलिगेम्माला नवस. मी हसून म्हणायची, "अजून नाही."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो आला. सकाळी सालदाराचा फोन आला, चंद्री गेली.

चंद्री आमची गाय. तिची आई बाळंतपणात मेली, तेव्हा सासूबाईंनी बाटलीने दूध पाजून हिला वाढवली होती. आम्ही दुपारी पोहोचलो. धुऱ्याच्या पलीकडे, नाल्याच्या काठी ती पडली होती. मागचा भाग खाल्लेला. सासूबाई तिच्या डोक्यापाशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या. सालदार म्हणाला, "रात्री येतेच तो. अर्धं टाकून गेला म्हणजे येणारच." आणि त्याने खोपीकडे पाहिलं. खोपीत बोंडअळीवरच्या औषधाचे डबे होते. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

खरं सांगते वाचकहो, माझ्याही मनात आलं, टाकू दे. एक क्षण नाही, चांगला पाव तास ते मनात होतं. कायदा मला माहीत होता. त्याच वर्षी जानेवारीत कागजनगरच्या जंगलात दोन वाघ मेलेले सापडले होते. त्यांनी मारलेल्या गुराच्या मढ्यात विष घातल्याचं समोर आलं होतं. तेव्हा वर्गात मी त्यावर तावातावाने बोलले होते. आता माझी गाय होती आणि माझ्या सासूबाई रोज पहाटे एकट्या त्या वाटेने जात होत्या. आमचे हे म्हणाले, "हे बरोबर नाही," पण तेही दबक्या आवाजात.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू पोरायले शिकवते ना, मंग मलेबी सांग. त्या वाघाचं आमी का बिघडवलं होतं?"

मला एकही वाक्य सुचेना. पर्यावरण, अन्नसाखळी, राष्ट्रीय प्राणी, सगळं तोंडातच राहिलं. मी त्यांना त्या चालकाची गोष्ट सांगितली. बैल, विष, न आलेला सिंह, मेलेली कुत्री, गिधाडं, आणि वडील कुणाशी बोलले नाहीत ते. आमच्याकडे बेज्जूरच्या पालरापू कड्यावर गिधाडांची घरटी सापडली होती. जनावरांच्या एका वेदनाशामक औषधामुळे देशभरातली गिधाडं गेली, २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जी थोडी उरली त्यांत ही होती. तेही सांगितलं. आमची दोन कुत्री तिथेच बसली होती. सासूबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग सालदाराला म्हणाल्या, "डबे आंदर ठेव. कुलूप लाव." आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

मग आम्ही फोन केला. माणसं आली, पंचनामा झाला, चंद्रीला जागची न हलवता जवळच्या झाडाला कॅमेरा बांधला. रात्री आम्ही गावात राहिलो. कुणाला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. तरुण नर, अंगाने अजून पुरता न भरलेला. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "पोट्टंच आहे," म्हणाल्या. त्यात माया होती असं मी म्हणणार नाही. त्यांना राग होता, तो आजही आहे. पण बघितल्यावर तो राग एका कुणावर तरी होता, इतकंच. पावलांचे ठसे नंतर पैनगंगेकडे गेलेले दिसले.

नुकसान भरपाईचे पैसे आले. त्यात चंद्रीसारखी गाय आली नसती. शिवाय दोन आठवडे बाया वेचणीला आल्या नाहीत. बोंडं फुटून कापूस लोंबला, काही धुळीत पडला, भाव कमी मिळाला. याचा पंचनामा कुणी करत नाही आणि करणार तरी कसा? वाघाबरोबर राहण्याची किंमत गोठ्यातल्या एका जनावरापुरती नसते, हे मला तेव्हा समजलं. हॉटेलच्या जाळीदार खिडकीतून सिंहाची डरकाळी ऐकताना ते समजलं नव्हतं.

२०२५ च्या मे अखेरीस तेलंगण सरकारने आदेश काढला. कवाल आणि ताडोबा यांना जोडणारा सुमारे १,४९२ चौरस किलोमीटरचा पट्टा कुमरम भीम यांच्या नावाने संवर्धन राखीव क्षेत्र केला. नाव कुणाचं, तर जल, जंगल, जमीन यांसाठी १९४० साली जोडेघाटला लढताना गेलेल्या गोंड नेत्याचं. आदिवासी गावांतून मोठा विरोध झाला आणि जुलैत सरकारने आदेश स्थगित केला. मला एकदम टांझानिया आठवलं. २०२२ च्या जूनमध्ये सेरेंगेटीलगतच्या लोलियोंडो भागात जवळपास एवढ्याच, दीड हजार चौरस किलोमीटर जमिनीवरून मसाई आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला होता. मी गेले तेव्हा त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

माझं मत विचाराल तर वाघाला वाट हवीच. वाट तुटली की कवाल रिकामं आणि टिपेश्वर कोंडवाडा होईल. पण ती वाट ज्यांच्या शेतातून जाते त्यांना आधी विचारायला हवं. कवालच्या गाभ्यातली मैसंपेट आणि रामपूर ही दोन गावं २०२४ साली बाहेर वसवली गेली, घरं आणि जमिनी देऊन. तिथली माणसं आज कशी आहेत, याची चौकशी दर वर्षी व्हायला हवी. केनियात अंबोसेलीजवळ २००७ पासून मसाई तरुणच सिंहांचे राखणदार म्हणून काम करतात. सिंह कुठे आहे ते गुराख्यांना आधी कळवतात. आमच्याकडेही गावातली पोरं वाघाचा माग काढायला घेतली जातात. अशा पोरांचा पगार वेळेवर झाला तर विषाचा डबा उघडण्याचे प्रसंग कमी होतील, असं मला वाटतं.

मागच्या सत्रात मी पुन्हा सेरेंगेटीचा तास घेतला. या वेळी नकाशावर आधी १९५९ पूर्वीच्या मसाईंचा मुलूख रंगवला आणि मग उद्यानाची हद्द काढली. ती गोंड मुलगी तोवर पास होऊन गेली होती. तिला हा तास ऐकवायला हवा होता.

भिंतीवरचा फोटो आहे तिथेच आहे. पाहुण्यांनी विचारलं तर मी आता चालकाचं बोलणंही सांगते. चहा तेवढाच पुरतो. वेचणी सुरू झाली की बाया दहानंतर शेतात जातात आणि चारच्या आत परततात. सासूबाई धुऱ्यावर उभ्या राहून येताना-जाताना डोकी मोजतात. औषधाच्या खोपीची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला असते. परवा संध्याकाळी आईचा नेहमीचा फोन आला, "हुली बंता?" मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना कन्नड येत नाही, पण तेवढा प्रश्न आता त्यांना समजतो.

"नाही आला बाई," त्या म्हणाल्या, "सगळ्या घरी आल्या."